टरफल आणि तुळस

जवळ सरका मंडळी, गोष्ट एवढीशीच आहे, पण गोड आहे. शहाडच्या हौसाबाई माळकरी. पुढचे दात पडले, जबडा झिजला आणि अभंग म्हणताना ‘विठ्ठल’मधला ‘वि’ नुसती फुंकर होऊन निघू लागला. नवे दात बसवायचे तर आधी झिजलेलं हाड भरायला हवं होतं.

त्यांची भाची विनिता वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत असं हाड भरायची पूड करायची. दवाखान्यात त्या पुडीची चाचणी सुरू होती.

“आत्या, तुळशीच्या काढ्यात बनवलीय. कण इतके बारीक, की हाड त्यांना आपलंच समजतं.”

तुळस म्हणताच हौसाबाईंनी हात जोडले. विनिता चाचरली. “पण आधीच सांगते, मूळ माल अंड्यांची टरफलं.”

हौसाबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. जन्मात घरात अंडं शिरलं नव्हतं, आता थेट तोंडात!

“कोंबडी मारली का गं?”

“नाही गं. भुर्जीवाले टरफलं कचऱ्यात टाकतात, तीच आणतो.”

 हौसाबाई बोळकं पसरून हसल्या. “लोकांनी टाकलेलं जवळ करायचं, हेच तर माझा विठू करतो. सांग डॉक्टरांना, भरा म्हणावं.”

आता शहाडला त्यांचा खणखणीत ‘विठ्ठल’ कानी पडला, तर देवासोबत त्या कोंबडीचीही आठवण ठेवा.