रांजणातली झरी

"नवसे, हा तिसरा हंडा कुणासाठी गं?" टँकरपाशी चिमणाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं.

"तुझ्या तोंडात ओतायला! अन् घरात तू एकटी, तुला तरी एवढं पाणी कशाला लागतंय?"

झालं, जुंपली दोघींची. घराला घर लागून, लहानपणापासूनच्या मैत्रिणी. पण यंदा उन्हाळा लागल्यापासून एकीचं पाऊल दुसरीच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं.

घरी येताच नवसाबाईनं दार लावलं आणि कोपऱ्यातल्या रांजणात पाणी ओतलं. आत झरी होती. अंगठ्याएवढी मासोळी, शेपटीला तांबूस कड. सटाण्याच्या पश्चिमेला नदी जिथं डोंगरातून निघते, तिथल्या डोहातच ही जात सापडायची. यंदा डोह आटला. उरल्या चिखलात ही एकटीच तडफडत होती. नवसाबाईनं तिला ओल्या पदरात घालून आणली.

"नाशकाच्या कॉलेजातल्या त्या सुवर्णाताई हाच मासा शोधून दमल्या. जातच संपली म्हणून हळहळत गेल्या," तिचा नवरा खंडेराव म्हणाला. "सांगायचं की त्यांना."

"सांगते! त्यांच्या पिशवीतल्या बाटल्या नाय पाहिल्या? औषधात बुडवून ठेवतील माझ्या पोरीला."

"मग चिमणाबाईला तरी सांग."

"तिला? त्यापेक्षा मांजर परवडलं! मासा दिसला की तिचा तवा तापलाच."

भाकरीचा चुरा टाकता टाकता तिचे डोळे भरून आले. "ही जगंल हो. पण एकटीच. हिच्यामागं कोण हाय? हिच्याबरोबर सगळंच संपायचं."

खंडेरावानं प्यायचा हंडाही रांजणात रिकामा केला.

आषाढात डोह भरला. नवसाबाईनं झरीला कळशीत घेतलं, वर फडकं बांधलं आणि कुणी उठायच्या आत वाट धरली.

काठावर चिमणाबाई बसलेली! नवसाबाई मागं फिरणार, तोच चिमणाबाईनं वळून पाहिलं.

"कळशीत काय गं?"

"काय नाय. पाणी."

"डोहावर पाणी घेऊन आलीस?"

नवसाबाईला रडूच फुटलं. "खाऊ नको गं हिला. पाया पडते तुझ्या. अख्ख्या नदीत ही एकटीच उरली." तिनं फडकं सोडलं.

चिमणाबाई वाकून बघत राहिली. मग तिनं डोहाकडं बोट केलं. काठाशीच, उथळ पाण्यात, तांबूस कडेची एक शेपटी हलत होती.

"माझ्या पोराला आत्ताच सोडलं," ती म्हणाली. "आता तुमची लेक सोडा, विहीणबाई."