शेजारच्या खोलीतून

"ताई, आत जा. बाई जिना चढतायत," म्हणत धाकट्याने तिला जवळजवळ ढकलतच सामानाच्या खोलीत घातलं आणि दार लोटलं.

रिकाम्या खोक्यांच्या मधोमध स्टूल, स्टुलावर लॅपटॉप. ताई पालथ्या बादलीवर टेकली.

कंपनी तिघांचीच. धाकटा भाऊ बोलणारा, त्याचा 'चष्मा' नावाने ओळखला जाणारा मित्र प्रोग्राम लिहिणारा आणि ताई त्या प्रोग्रामला बोलकं करणारी. घरी आजाऱ्याचं करून थकलेल्या माणसांना धीर देणारं ॲप होतं ते, आणि धीर कसा द्यायचा हे ताईनेच त्याला शिकवलं होतं. कालपर्यंत बरं चाललं होतं. आज सकाळी काय बिनसलं कोण जाणे, कशालाही 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढंच बरळायला लागलं.

"आजच्यापुरतं ॲपच्या जागी तू टाइप कर," धाकटा म्हणाला होता.

"अरे, पण हे खोटं..."

"खोटं कसलं? तुझ्याकडूनच शिकलंय ना ते? आज शिष्याला बरं नाही, गुरूने पेपर सोडवायचा."

चष्मा हसला नव्हता. "ताई, आज हुकलं तर उद्या या दाराला कुलूप."

पातळ भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. बाई आल्या होत्या. त्यांची शुश्रूषा केंद्रं गावोगाव होती. त्यांनी ॲप घेतलं तर तिघं तरणार होते. पडद्यावर बाईंचा प्रश्न उमटला.

'आई माझ्या हातचा घास थुंकते. काय करू?'

ताईने घाम पुसला. 'ताट जरा बाजूला ठेवा. तिचा राग दुखण्यावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही जेवलात का?'

'नाही.'

'मग तिच्यासमोर बसून आधी तुम्ही खा.'

भिंतीपलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग अक्षरं आली, 'खरं सांग, तू माणूस आहेस का?'

याचं उत्तर धाकट्याने घोकून घेतलं होतं: मी यंत्र आहे, पण तुमच्यासोबत आहे. ताईची बोटं 'मी यं'पर्यंत गेली आणि अडली. पलीकडची बाई आता परीक्षा घेत नव्हती, स्वतःच्या आईचं विचारत होती. अशा माणसाला कसं फसवायचं?

तिने लिहिलेलं पुसलं. 'हो, माणूसच आहे. शेजारच्या खोलीत खोक्यांमध्ये बसलेय. फसवलं, माफ करा.' हात मागे यायच्या आत तिने ते पाठवूनही दिलं.

ताईने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. आपण धाकट्याचा संसार उधळला. आता दार उघडेल, आता आवाज चढेल.

आवाज आला, तो खळखळून हसण्याचा.

"अहो, हे बघा तरी! म्हणे शेजारच्या खोलीत बसलेय, खोक्यांमध्ये! आणि वर माफीसुद्धा मागतंय!"

"ते... म्हणजे बाई..." धाकट्याची जीभ अडखळली.

"लाजता काय? बाकी सगळी ॲपं 'मी यंत्र आहे' म्हणून हात झटकून मोकळी होतात. सही कुठे करू, सांगा. आणि हे वाक्य काढायचं नाही हं. विचारेल त्या प्रत्येकाला हेच उत्तर गेलं पाहिजे."