राखेतली झावळी

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली झावळी हातात धरूनच आई दहिसरच्या वृद्धाश्रमात गेली, कारण माझ्या भावाला, ज्युलियसला, गावठाणातलं घर बिल्डरला द्यायची घाई होती. झावळी तिने उशाशी ठेवली. मी भेटायला गेले की विचारायची, "ज्युलियस आला का गं?" तो एकदाही गेला नाही. दिवाळीआधी आई वारली. जुन्या झावळ्या जाळूनच राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख करतात, म्हणून तिची झावळी मी चर्चमध्ये दिली. आज त्या बुधवारी सकाळी राख लावून घ्यायच्या रांगेतून पुढे पोहोचले, तर फादरांच्या मदतीला शेजारी राखेची वाटी घेऊन ज्युलियस उभा, कपाळावर राखेचा क्रूस. अंगठा माझ्याकडे आणत म्हणाला, "पश्चात्ताप करा." मी त्याचं मनगट धरलं. मागची रांग थांबली. "तुझ्या कपाळावर आईची झावळी आहे," मी म्हटलं. "मरेपर्यंत तुझी वाट बघत होती ती. ऑफिसला जाताना पुसू नकोस."