यंत्राला न सुचलेली छिद्रं

इंजिनियर शकुंतला बेंद्रे श्वास रोखून बसल्या होत्या. पेटंट कार्यालयातलं परीक्षक यंत्र त्यांच्या टर्बाइनच्या पात्यावरची, गार हवा सोडणारी थंडाव्याची छिद्रं पडद्यावरच्या आराखड्यात हलवून पाहत होतं. नेहमीचे फेरफार करून यंत्राला जे सापडे, त्याला शोध म्हणत नसत. आणि त्याला जवळजवळ सगळंच सापडे, त्यामुळे कित्येक वर्षांत एकाही माणसाला पेटंट मिळालं नव्हतं.

"छिद्रं ज्वाळेकडे वळवली की पातं जास्तच तापतं," यंत्र म्हणालं. "म्हणून मी ती वाट सोडली."

"मीही तिथे पाती जाळली," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पण हट्टाने छिद्रं आणखी वळवली. बघा तुम्हीही."

यंत्राने वळवली. पातं थंड राहिलं.

"हे मला सुचलं नसतं. पेटंट मंजूर!"

दाराबाहेर ताटकळलेल्या अर्जदारांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शकुंतलाबाई डोळे पुसत, हसत बाहेर आल्या.

"चला, आता कुणाचा नंबर?"