हाताने धरलेली काच

घनश्यामशेटच्या गाडीची मागची डावी काच चार बोटं उरली की अडकत होती. बटण दाबलं की दारातली मोटर घुरघुरायची, काच तिरपी होत चढायची आणि करकरत थांबायची. उतरताना आतून चिकटवलेल्या काळ्या फिलमवर नवी रेघ ओढून जायची.

बटणावर चालणाऱ्या काचांची परदेशी गाडी टेकचंदच्या गॅरेजात पहिल्यांदाच आली होती. कारध्याच्या नाक्यावर तो ट्रक आणि जीप दुरुस्त करायचा. त्याने दाराचं आतलं पान काढून ठेवलं होतं. काच ज्या खाचेतून सरकते तिथली मखमल झिजून गेली होती आणि तिच्यात रेती बसली होती. भंडाऱ्यात शेटची राइस मिल होती. सकाळपासून ते बाकड्यावर बसून एकच सांगत होते, की फिलमवर आणखी ओरखडा पडता कामा नये.

तेवढ्यात गावातले डॉक्टर सायकलवरून आले. ते सरळ शेटसमोर उभे राहिले.

गावातल्या डोमा नावाच्या माणसाच्या पायात धान कापताना धसकट घुसलं होतं. त्याने त्यावर हळद लावली आणि विसरून गेला. काल रात्रीपासून त्याची दातखीळ बसली होती. धनुर्वात. उजेड पडला, आवाज झाला, की त्याचं अंग कमानीसारखं वाकत होतं. डोळ्यांवर पट्टी बांधायला गेलं तर त्या स्पर्शानेही झटका येत होता. त्याला नागपूरला न्यायचं होतं. जीपचं कापडी टप फडफडतं, आत ऊन येतं. बैलगाडीने जाता जाता दिवस गेला असता.

"आत अंधार राहते असी एकच गाडी हाय शेटजी," डॉक्टर म्हणाले.

शेटने उघड्या पडलेल्या दाराकडे पाहिलं.

"टेकचंद, वर जाईन का काच?"

"मोटरीनं नाही जात. सोडवून हातानं चढवतो. पण मंग ते धरून बसा लागन. मी येतो संगं."

खाचेत घालायला मऊ कापड हवं होतं. गॅरेजात होत्या त्या सगळ्या चिंध्या ऑइलने माखलेल्या. शेटने गळ्यातला लोकरी मफलर काढून त्याच्या हातात दिला. टेकचंदने तो उभा फाडला, पट्ट्या खाचेत दाबल्या आणि दोन्ही तळव्यांनी काच वर ढकलली. काच आवाज न करता चढली. हात काढला की मात्र खाली सरकत होती. खाली लाकूड अडकवलं असतं तर प्रत्येक खड्ड्यात ठकठक झाली असती.

डोमाला चौघांनी चादरीसकट उचलून मागच्या सीटवर ठेवलं. ओठ ताणले गेल्याने तो हसतोय असं वाटत होतं. त्याची बायको रुखमिणी पायांशी खाली बसली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. डोक्याच्या बाजूला, दोन सीटांच्या मधल्या जागेत टेकचंद गुडघ्यांवर बसला आणि काच धरली. डॉक्टर पुढे बसले. शेट स्वतः चालवायला बसले. गाडीत आवाज नको, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

गाडी वैनगंगेच्या पुलावर आली. जुन्या ओरखड्यांतून उन्हाच्या बारीक रेघा आत येत होत्या. त्यातली एक डोमाच्या गालावर पडली आणि हळूहळू डोळ्याकडे सरकू लागली. टेकचंदने मान वाकवून डोकं मध्ये घातलं. रेघ त्याच्या केसांत अडकली. तो तसाच राहिला.

पुलावर पुढे धानाने भरलेल्या बैलबंड्या चालल्या होत्या. शेटने गाडी हळू केली. मागून एक ट्रक आला आणि त्याने हॉर्न दिला. लांबलचक.

डोमाचं अंग सीटवरून उचललं गेलं. फक्त डोकं आणि टाचा टेकलेल्या. दातांचा आवाज झाला. टेकचंदला त्याला धरता येईना, हात काढला असता तर अख्खी काच खाली आली असती. शेटने आरशात पाहिलं. दार उघडून ट्रकवाल्याला थांबवावं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांचा हात कडीपर्यंत गेला. दार उघडलं की ऊन. हात परत स्टिअरिंगवर आला. रुखमिणीने लुगड्याचा पदर तोंडात कोंबला आणि दातांखाली धरला.

बंड्या बाजूला झाल्या. ट्रक निघून गेला. बऱ्याच वेळाने डोमाची पाठ सीटला टेकली. डॉक्टरांनी मागे वळून त्याच्या छातीकडे पाहिलं आणि शेटला पुढे चला अशी खूण केली.

त्यानंतर नागपूरपर्यंत शेट खड्डे चुकवत राहिले. खड्डा चुकला नाही की काच सरकायची आणि टेकचंद ती पुन्हा वर घ्यायचा. त्याच्या दंडांना कापरं भरलं होतं. मौद्याच्या पुढे त्याला बोटं जाणवेनाशी झाली. म्हणून मग तो बोटांकडे बघत राहिला, ती जागेवर आहेत ना एवढंच पाहायला.

दवाखान्यात डोमाला अंधाऱ्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. टेकचंद पायरीवर बसून होता. त्याची बोटं अजून सरळ होत नव्हती. बऱ्याच वेळाने गावचे डॉक्टर बाहेर आले. इंजेक्शन दिलं, वाटेत एकच झटका आला हे चांगलं झालं, आता आशा आहे, असं त्यांनी सांगितलं. शेटने दोन्ही हात जोडले आणि ते चहा आणायला गेले.

आवारात रिक्षा फुरफुरत होत्या. फाटकाशी केळीवाला ओरडत होता. कोणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. रुखमिणी भिंतीला टेकून उभी होती. ती टेकचंदच्या जवळ आली, खाली वाकली आणि त्या सगळ्या गोंगाटात त्याच्या कानाशी कुजबुजली.

"भाऊ, आता रडू का मी?"