निजानीज

गाणं पुसलं गेलं होतं आणि सिनेमा शिल्लक होता. दोघांचंही नाव ‘निजानीज’.

सूचीकार मुलीने संगणकाच्या पडद्याकडे पुन्हा पाहिलं. चूक यंत्राची म्हणावी, तर नियम तिनेच लिहिलेला. संग्रहालयात एका नावाच्या दोन फायली सापडल्या की मोठी ठेवायची. छोटी म्हणजे जास्तीची प्रत समजून काढून टाकायची.

गाण्याचं आणि सिनेमाचं नाव एकच असू शकतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. उलट तिला त्याचाच नाद होता. एकच शब्द, त्या नावाचा एक सिनेमा, एक गाणं, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. अशा जोड्या ती हौसेने वेगळ्या कप्प्यात जमवायची. नियमाची चाचणी तिने चुकून त्याच कप्प्यावर चालवली होती.

सिनेमा भुताखेतांचा, तद्दन टुकार. गाणं म्हणजे अंगाई. मूळ टेप आता नव्हतीच. ती इतकी चिकट झाली होती की उतरवून घेताना एकदाच वाजली, आणि वाजता वाजताच तिच्यावरचा लेप निघून आला.

आणि गायिकाबाई गुरुवारी येणार होत्या.

फोनवर त्यांचा आवाज खरवडून काढल्यासारखा आला होता. घशाचं ऑपरेशन झालेलं. “जन्मात एकच गाणं म्हटलं मी. रेडिओवर एकदा लागलं आणि संपलं. आपला आवाज कसा होता तेच विसरायला झालंय. डोळे मिटायच्या आत एकदा ऐकव बाळा.”

“मग खरं काय ते सांगून मोकळी हो,” खरखरकाका म्हणाले. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव.

“काय सांगू? तुमचा उरलासुरला आवाज मी कचऱ्यात टाकला?” ती म्हणाली. “काका, माझी आई हेच गाणं गुणगुणते. भांडी घासताना वगैरे. तेव्हा रेडिओवर ऐकलं असणार. तिच्याकडूनच गाऊन घेतलं तर?”

काकांनी चष्मा काढला. “जन्मभर खरखर काढली. आता म्हातारपणी घालायला लावतेस होय?”

दुसऱ्या दिवशी आई काचेच्या खोलीत माइकपुढे उभी राहिली. उतारवयात झालेली एकुलती लेक, तिच्या शब्दाला आई नाही म्हणत नसे. शब्दांचा कागद आईने न वाचताच परत केला.

“कोणासाठी आहे म्हणालीस?”

“जिने गायलंय, त्या बाईंसाठी.”

“त्या म्हणाल्या, ‘मी गायलंय’ म्हणून?”

“हो. का गं?”

“काही नाही. चालू कर.”

आई एकदाच गायली. काका नाक ओढत कामाला लागले.

गुरुवारी बाई आल्या. आजाराने वयापेक्षा थकलेल्या, केस विरळ झालेले. पहिल्याच ओळीला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली. संपलं, कळलं यांना, मुलीला वाटलं.

गाणं थांबलं. बाईंनी घोटभर पाणी घेतलं.

“माझाच आवाज,” त्या म्हणाल्या.

मुलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा आल्या. मग दर गुरुवारी येऊ लागल्या. हेडफोन लावायला त्या तयार नसत. “कान झाकले की मागचं कळत नाही,” म्हणायच्या. खुर्ची त्यांनी भिंतीला टेकवून घेतली. आवाज आणखी आणखी बारीक करायला लावायच्या, दार लावून घ्यायला सांगायच्या, आणि गाणं संपेपर्यंत त्या दारावरून नजर हलवायच्या नाहीत.

“सुखाने कुणी असं खंगतं होय?” काका एकदा हळूच म्हणाले.

मुलीलाही आता झोप लागेना. आपण या बाईंना काय ऐकवतोय, हा प्रश्न तिच्या उशाशी येऊन बसायचा.

“येतात का गं अजून त्या?” आईने जेवताना विचारलं.

“न चुकता.”

“मलाही ने एकदा. माझं गाणं एवढं ऐकतंय तरी कोण, बघू दे.”

“आणि त्यांना कळलं म्हणजे?”

“मी आपली बाहेर बसेन बाकावर. काचेतून दिसतं ना? झालं तर.”

त्या गुरुवारी गाणं संपलं, तरी बाई उठल्या नाहीत.

“पोरी, खरं सांग. हे कोणी म्हटलंय?”

“तुमचं... तुमचं माझ्या हातून पुसलं गेलं. चुकलं माझं. हा माझ्या आईचा आवाज आहे. तुम्हाला फसवायचं नव्हतं हो, फक्त...” मुलीने काचेकडे बोट केलं. “ती आलीये आज. बाहेर बसलीये. बोलावू का?”

बाई रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा फक्त हळूहळू पांढरा पडत गेला.

“तुझ्या आईचं माहेर कुठलं?”

“माहेरचं कुणी नाही तिला. विचारलं तरी सांगत नाही.”

काचेच्या दारापलीकडे आई बाकावरून उठली होती. पदर सारखा करत ती सावकाश दाराकडे येत होती, ओळखीच्या घरी यावं तशी.

बाईंनी मुलीचं मनगट धरलं.

“हे गाणं माझ्या थोरल्या बहिणीचं, आणि हा आवाजही तिचाच. त्या दिवशी रेकॉर्डिंगला तीच निघाली होती. नदी दुथडी भरली होती,” बाई पुटपुटल्या. “पुलावर तिचा हात मीच सोडला.”