जोरगोची चाल

"बंद कशाला केलास? उघड तो," आसिलकान म्हणाली.

तुरातने लॅपटॉपवरचा हात काढला नाही. झाकण मिटायच्या आत पडद्यावर तिने तिच्या संगणक-खेळातला घोडा पाहिला होता. चौदा महिने खपून लिहिलेला, कुरणातल्या टेकड्या ओलांडत बकऱ्या गोळा करणारा.

"सहज बघत होतो, एजे. बरं, शनिवारी बिश्केकला येता का माझ्याबरोबर? कशाला ते विचारू नका."

"शनिवारी माझी कामाची पाळी असते."

काराकोलच्या इस्पितळात ती चादरी धुवायची. त्रेचाळिसाव्या वर्षी वाचनालयातल्या मंगळवारच्या कोडिंगच्या वर्गात जाऊन बसली, तेव्हा पोरंपोरी हसली होती. शिकवणारा तुरात तिच्याहून सतरा वर्षांनी लहान, म्हणून तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणायचा. कोड उघडं ठेवायचा हट्ट त्याचाच. "लोकांना वाचू द्या, एजे. चार जण चुका काढतील, तुम्ही शिकाल." त्याने तिच्या खेळाची एक प्रत स्वतःकडे घेतली होती. तिने तिच्या पानावर काही बदललं की ते त्याच्या प्रतीत आपोआप उतरायचं.

खेळ एखाद्या स्पर्धेला पाठवायचा म्हटलं की मात्र ती नकारार्थी मान हलवायची. जोरगो घोडा असा चालतो की स्वाराच्या हातातला चहा सांडत नाही. तिच्या घोड्याची ती चाल अजून साधली नव्हती.

गुरुवारी धुलाईखात्यातली बुरुल फोन घेऊन धावत आली. "अगं, हे बघ!"

राजधानीत, बिश्केकला शनिवारी होणाऱ्या संगणक-खेळांच्या स्पर्धेची यादी होती. त्यात तिचाच खेळ: 'जोरगो', काराकोल. त्यापुढे तुरातचं नाव.

आसिलकानने हातातली चादर अशी पिळली की तिची शिवण उसवली.

"आधी विचार तरी त्याला," बुरुल म्हणाली.

"चोराला काय विचारायचं? 'बाबा रे, झोप लागते का?' असं?"

"तसा वाटत नाही गं तो."

"वाटत नाहीत म्हणून तर जमतं त्यांना! उघडं ठेवा म्हणे. दार उघडं ठेवा, मी घर रिकामं करतो! आणि वर मलाच बोलावतो, टाळ्या वाजवायला!"

तिने स्पर्धेचे नियम वाचून काढले. परीक्षकांनी माणूस पाहून गुण देऊ नयेत म्हणून यादी त्यांना दाखवायची नाही; आधी खेळ दाखवायचा, मग लिफाफा फोडून नाव पुकारायचं. आसिलकान पहिल्यांदाच हसली. ते हसू बुरुलला आवडलं नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कोडमध्ये सहा ओळी घातल्या. शनिवारचीच तारीख असली आणि घोडा तिसऱ्या टेकडीवर पोचला, की एक वाक्य उमटायचं. एकही चूक झाली नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच तिचं कोड पहिल्या फटक्यात चाललं. पाळी बुरुलच्या गळ्यात मारून शनिवारी ती पहाटेच्या मार्श्रुत्कात, त्या छोट्या प्रवासी गाडीत, बसली. सहा तास वाटभर ती मनातल्या मनात भांडत होती.

सभागृहात ती शेवटच्या रांगेत बसली. यंत्रापाशी तुरात होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. सारखा दाराकडे बघत होता.

"भितोयस ना? भी," ती पुटपुटली.

भिंतीएवढ्या पडद्यावर घोडा निघाला. त्याचे पाय आता अलगद पडत होते. पाठ जराही हलत नव्हती. कोणीतरी चाल दुरुस्त केली होती. तिचं डोकं आणखी भडकलं. माझा घोडा चोरायचा आणि वर मलाच चालायला शिकवायचं?

पहिल्या टेकडीवर लोक हसले. दुसरीवर एका म्हाताऱ्या परीक्षक बाईंनी टाळ्या वाजवल्या. घोडा तिसरी टेकडी चढला, थांबला, आणि पडदा काळा झाला. हातभर उंचीची अक्षरं उमटली:

'आता जे नाव पुकारतील, ते चोराचं.'

तुरात खुर्ची पाडत उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आसिलकानही उठून उभी राहिली. लोकांनी तो चेहरा नीट बघावा, असं तिला वाटत होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीची पडद्याकडे पाठ होती. तिने लिफाफा फोडला आणि हसतमुखाने मोठ्याने वाचलं:

"खेळ पाठवणारे शिक्षक, तुरात. आणि खेळाच्या लेखिका, काराकोलच्या आसिलकान जूमाबायेवा!"